मंडईत गवार संपली

शनिवार पेठेतल्या ज्येष्ठ नागरिकांची नजर सुधारायला लागली आहे, ही गोष्ट सगळ्यांत आधी शर्मिलाच्या लक्षात आली, कारण गल्ल्यावर ती बसायची. आतल्या खोलीत तिची मोठी जाऊ पूर्णिमा लोकांचे डोळे तपासायची आणि बाहेर शर्मिला चष्मे विकायची, अशी दुकानाची वाटणी होती. तपासून बाहेर आलेला माणूस पूर्वी फ्रेमच्या कपाटाकडे वळायचा. गेले काही महिने तो सरळ चपलांकडे वळत होता.

"वहिनी, गानू सरसुद्धा तसेच गेले," शर्मिला आत डोकावून म्हणाली. "गेल्या वर्षी दारातल्या चष्मा लावलेल्या प्लॅस्टिकच्या डोक्याला नमस्कार करून 'बऱ्या आहात ना' विचारत होते. आणि यंदा म्हणे चष्मा बदलायचा नाही."

"जुन्याच चष्म्यातून शेवटची ओळ वाचली त्यांनी. एक अक्षर चुकलं नाही," पूर्णिमा संगणकात कार्ड भरत म्हणाली. "सहा बाय सहा."

सहा बाय सहा म्हणजे डोळ्यांच्या जगात पैकीच्या पैकी. गानू सरांचं वय लक्षात घेता हे म्हणजे जरा जास्तच झालं.

"पंचाहत्तरीला?"

"मी काय करू? पेशंट जे वाचतो ते मी लिहिते. मानक आहे तसं."

मानक हा शब्द त्या दुकानात येऊन आता वर्ष होत आलं होतं. दृष्टितपासनीसांच्या एका संघाने नीटनेटकं काम करणाऱ्यांना मानकपत्र द्यायचं ठरवलं होतं आणि पूर्णिमाला ते हवं होतं. हवं होतं म्हणणं फारच कोमट झालं, तिचा जीव त्यात अडकला होता. शर्मिलाचा डोळा तपासणीच्या खोलीवर होता. एवढी ऐसपैस खोली आणि तिच्यात एका वेळी एकच गिऱ्हाईक बसतं, तेही अंधारात, हे तिच्या व्यापारी मनाला बघवत नव्हतं. तिथे तिला परदेशी गॉगलचा विभाग काढायचा होता. हिंजवडीची एक कंपनी आपल्या लोकांचे डोळे पूर्णिमाकडून तपासून घ्यायला तयार होती, पण मानकपत्र असेल तरच. शेवटी घरात असं ठरलं की, दिवाळीच्या आत मानकपत्र आलं तर खोली पूर्णिमाची, नाही तर गॉगलची.

"आणि मग मी तपासणार कुठे?" पूर्णिमाने विचारलं होतं.

"पडद्यामागे खुर्ची टाकू की," शर्मिला म्हणाली होती. ते वाक्य पूर्णिमाच्या मनाला फार लागलं होतं. वीस वर्षं ज्या कामाला तिने विद्या मानलं, ते तिच्या जावेच्या मते पडद्यामागे उरकण्यासारखं होतं.

म्हणून तिने कंबर कसली. पहिलं म्हणजे तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला सुरुवात केली. याआधी चष्मा घेणाऱ्याला तपासणी फुकट असायची, भाजीवर कोथिंबीर मिळते तशी. "तपासणी हे काम आहे. चष्मा घ्या अगर घेऊ नका, कामाचे पैसे पडतील," अशी पाटी तिने लावली. पेठेने ती पाटी वाचली, दोन दिवस नाक मुरडलं आणि मग एक सोपा मार्ग काढला. "मुलगा भरेल," असं म्हणून म्हातारी मंडळी पैसे भरायच्या क्यूआर चौकोनाचा फोटो मुलाला धाडायची आणि बाणेरहून नाहीतर बंगलोरहून मुलगा पैसे भरून मोकळा व्हायचा. दुसरी सुधारणा म्हणजे प्रत्येक पेशंटचं जुनं-नवं कार्ड संगणकात. आणि तिसरी पूर्णिमाची सगळ्यांत लाडकी. तपासणी झाली की, ज्या नंबरवरून पैसे आले त्या नंबरवर पावती आणि रिपोर्ट दोन्ही आपोआप जायचे. कागद नाही, हरवणं नाही, परत विचारायला येणं नाही.

आणि नेमकी तेव्हापासून पेठेची नजर सुधारायला लागली.

पूर्णिमाला आधी आनंद झाला, मग आश्चर्य वाटलं आणि मग तिची झोप उडाली. यंत्राला डोळा लावला की यंत्र सांगायचं, नंबर वाढलाय. समोरचा तक्ता वाचायला लावला की तीच व्यक्ती जुन्या चष्म्यातून शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचत जायची. माणूस खरा की यंत्र खरं? तिने यंत्र दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्र उघडलं, पुसलं, बंद केलं आणि यंत्र उत्तम आहे असं सांगून भरभक्कम बिल दिलं. मग ती पेशंटना खोदून खोदून विचारायला लागली. गाजर खाता का, सकाळी हिरवळीवर अनवाणी चालता का, झोप कशी लागते? मुक्ताईकाकू म्हणाल्या, "अगं, सगळं आधीसारखंच आहे," आणि तोंड फिरवून पर्स आवरायला लागल्या.

तिला अजून एका गोष्टीचं कुतूहल होतं. ही मंडळी वाचताना पुटपुटायची. एकदा जोगळेकर आजोबा "गवार... गवार..." असं म्हणून थांबले आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, "ग." आणखी एक बाई नळाविषयी काहीतरी बोलत होत्या. पूर्णिमाला वाटलं, वय झालं की माणसं मनात किराणा आणि पाणी घेऊनच फिरत असणार.

"शर्मिला, हे संशोधनाचं काम आहे," ती एका रात्री जेवताना म्हणाली. "आपल्या पेठेत काहीतरी वेगळं घडतंय. पाणी असेल, हवा असेल."

"पाणी खडकवासल्याचं आहे, ते सगळ्या पुण्याला येतं," शर्मिला म्हणाली. "सगळ्यांचे डोळे असेच बरे झाले तर मी विकायचं काय? गॉगलच ना? मग आत्ताच खोली द्या."

जेवायला बसलेला पूर्णिमाचा नवरा वैजनाथ मान वर न करता म्हणाला, "पेठेचं राहू दे. तू स्वतःचे डोळे तपासून घे. परवा गाडी फाटकाच्या खांबाला घासलीस. गेल्या आठवड्यात स्वारगेटला हडपसरची म्हणून कात्रजच्या बसमध्ये बसलीस."

"बसच्या पाटीचे दिवे मंद होते. आणि माझं कार्ड आहे, बघ हवं तर. दर वर्षी सहा बाय सहा."

"असेल. पण नंबर निघाला तर गाडीची किल्ली माझ्याकडे."

कार्डापुढे वैजनाथचं काही चालायचं नाही. लेखी पुराव्याला तो फार मान द्यायचा.

संघाचे निरीक्षक दत्तप्रसाद शेवडे एका गुरुवारी आले. पूर्णिमाने खोली आरशासारखी लख्ख केली होती. दारात कुणीतरी उभं राहिलेलं बघून ती खुर्चीतूनच म्हणाली, "काकू, चपला बाहेर काढा हं." शेवड्यांना चांगली जाड मिशी होती. त्यांनी काही न बोलता चपला बाहेर काढल्या. मागून ऊन येत होतं म्हणून दिसलं नाही, असा खुलासा पूर्णिमाने नंतर दोनदा केला.

शेवडे शांत गृहस्थ होते. त्यांनी पाट्या वाचल्या, पावत्या बघितल्या, आणि मग संगणकासमोर बसून एकेक कार्ड उघडायला लागले. सुरुवातीला ते मान डोलावत होते. मग मान डोलायची थांबली. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"बाई, हे यज्ञेश्वर गानू. दोन वर्षांपूर्वी यांना चौथी ओळ दिसत नव्हती. आता शेवटची दिसते. चष्मा तोच. यंत्रात नंबर वाढलेला."

"हो. मलाही त्याचं नवल वाटतं."

"हे एकट्याचं नाही. इथे तीसेक माणसं अशी आहेत. म्हातारपणी डोळे असे सुधारत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगायचं?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट तो खाली आला आणि त्यामुळेच पूर्णिमाला धडकी भरली. "असे आकडे मी एकदाच पाहिलेत. तिथे पेशंट न तपासताच कार्डं भरली होती."

पूर्णिमाने उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. दाराच्या फटीतून शर्मिलाचा अर्धा चेहरा दिसत होता. त्या अर्ध्या चेहऱ्यातसुद्धा गॉगलची कपाटं मांडली जात असल्याचा भास पूर्णिमाला झाला.

"तुम्ही स्वतः बघा," ती म्हणाली. "आत्ता मुक्ताईकाकूंची वेळ आहे. तुमच्यासमोर तपासते. मग ठरवा."

मुक्ताईकाकू आल्या त्या गानू सरांबरोबर. सर बाहेरच्या बाकावर बसले आणि काकू आत शिरताना हळूच म्हणाले, "घाई करू नका. आधी वरच्या सोप्या ओळी." काकूंनी मान हलवली. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि खुर्चीत बसल्या. शेवड्यांना हे सगळं जरा विचित्र वाटलं.

समोरच्या भिंतीवर दिव्याच्या पेटीतला तक्ता उजळला. वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. काकूंनी डावा डोळा झाकून उजव्याने तक्ता वाचला. अगदी शेवटपर्यंत. शेवडे पुढे वाकले.

"आजी, शेवटची ओळ आता उलटी वाचा. उजवीकडून डावीकडे."

काकू क्षणभर घुटमळल्या. त्यांचे ओठ हलले. मग त्या सावकाश म्हणाल्या, "ठ. भ. ट. क. प. न."

बरोबर होतं. शेवड्यांनी पूर्णिमाकडे पाहिलं आणि त्या नजरेत प्रथमच थोडा आदर होता. "आता दुसरा डोळा," ते म्हणाले.

काकूंनी उजवा डोळा झाकला आणि परत वरून सुरुवात केली. एक ओळ झाली, दोन झाल्या. आणि वीज गेली. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी वीज जायची हे सगळ्या पेठेला माहीत होतं. खोलीला खिडकी नव्हती आणि दार लोटलेलं होतं. तक्ता विझला, यंत्र विझलं, संगणक विझला. इतका गडद अंधार झाला की पूर्णिमाला स्वतःचा हात दिसेना.

आणि त्या अंधारात मुक्ताईकाकू वाचतच राहिल्या.

"मंडईत... म. गवार... ग. संपली... स. दोडके... द. राहिले... र. वाटतं... व." मग एक दीर्घ श्वास. "नळाला... न. पाणी... प. कमी... क. टाकी... ट. भरून... भ. ठेवा... ठ. झालं गं बाई."

शर्मिलाने मोबाइलचा दिवा लावून आत धरला. त्या उजेडात दिसलं की काकूंचा उजवा डोळा झाकणीखाली होता आणि डावा त्यांनी स्वतःच घट्ट मिटून घेतला होता.

"काकू, डोळा उघडा," पूर्णिमा म्हणाली.

काकूंनी डोळा उघडला, समोरच्या भिंतीवरचा काळोख बघितला आणि घाबरून म्हणाल्या, "अगंबाई, पूर्णिमा, मला काहीच दिसत नाही."

"तक्ता कुणालाच दिसत नाही, काकू. वीज गेलीय."

"कधी?"

"मंडईच्या आधी," शेवडे म्हणाले.

बाहेर बाकावर गानू सर वाट बघत होते. काकू बाहेर येताच त्यांनी विचारलं, "कसा गेला?" काकू म्हणाल्या, "उलटं विचारलं. तुम्ही करून घेतलं होतं म्हणून बरं. पण नंतर घोळ झाला." तेवढ्यात मागून पूर्णिमा आणि शेवडे आले, आणि सरांच्या लक्षात आलं की आज केंद्रावर भरारी पथक आलंय.

गानू सरांनी सगळी हयात स्कॉलरशिपच्या परीक्षेला मुलं बसवली होती. ते उठून उभे राहिले, पण लपवालपवी केली नाही.

"वाक्यं माझी आहेत," ते म्हणाले. "उलटी म्हटली तरी अर्थ लागतो अशीच बांधली आहेत. 'ठेवा भरून टाकी, कमी पाणी नळाला.' संध्याकाळी कट्ट्यावर वर्ग घेतो. फी घेत नाही."

"अहो पण का, सर?" पूर्णिमाला राग यायला हवा होता, पण कुतूहलच इतकं दाटलं होतं की रागाला जागा मिळेना. "डोळे तपासणं ही काय परीक्षा आहे?"

"परवापर्यंत नव्हती. तुम्ही केलीत. पूर्वी निकाल आमच्या खिशात असायचा, आम्हाला वाटलं तर घरी दाखवायचो. तुम्ही निकाल परस्पर पालकांच्या हाती द्यायला लागलात. निकाल घरी जायला लागला की मुलं पाठांतर करतात, बाई. मी जन्मभर हेच बघत आलोय."

पूर्णिमाने भिंतीवरच्या आपल्याच पाटीकडे पाहिलं.

"अभयने मला सांगून ठेवलंय," सर पुढे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. अभय त्यांचा मुलगा, बाणेरला असायचा. "नंबर वाढला की स्कूटरची किल्ली जमा. रविवारी सकाळी मी खडकवासल्याला जातो. आमची ही होती तेव्हा दोघं जायचो, आता एकटा जातो, धरणाकाठी कणीस खातो आणि परत येतो. आठवड्यात तेवढंच माझं स्वतःचं असतं. ते गेलं की मग नुसता कट्टा उरतो."

"आणि माझ्या सुनेने सांगितलंय, दिसेनासं झालं की गॅसला हात लावायचा नाही," मुक्ताईकाकू म्हणाल्या. "मग मी करू काय दिवसभर?"

पूर्णिमाला मनापासून वाईट वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या अंगावर काटाही आला.

"सर, तुम्ही या डोळ्यांनी स्वारगेटचा चौक ओलांडता?"

"पुढचा थांबला की मी थांबतो."

"आणि पुढे कुणी नसेल तर?"

सरांनी यावर थोडा विचार केला. "पुण्यात अजून तशी वेळ आलेली नाही," ते म्हणाले.

शेवड्यांनी सगळ्यांना बसायला लावलं. "बाई, कार्डं खोटी नाहीत हे मला पटलं. पेशंटने जे म्हटलं तेच तुम्ही लिहिलंय. पण दोन चुका आहेत आणि दोन्ही तुमच्या आहेत. एक म्हणजे वीस वर्षं एकच तक्ता. अक्षरं बदलणारा पडदा घ्या. दुसरी मोठी आहे. पैसे कोण भरतं याचा रिपोर्टशी काही संबंध नाही. पावती पैसे भरणाऱ्याची, डोळे पेशंटचे. रिपोर्ट त्याच्याच हातात गेला पाहिजे. हे गोपनीयतेचं मानक आहे, पुस्तकात पहिल्याच पानावर आहे."

"मी ते वाचलं होतं," पूर्णिमा पुटपुटली. "पण पावतीबरोबर पाठवणं सोयीचं होतं."

"सोय कुणाची?" एवढंच विचारून शेवडे पुन्हा येतो म्हणून गेले. मानकपत्राच्या फॉर्मवरचे दोन रकाने त्यांनी मोकळे ठेवले होते.

पुढच्या पंधरवड्यात नवा पडदा बसला, दर वेळी वेगळी अक्षरं दाखवणारा. पूर्णिमाने त्या तीसेक कार्डांच्या माणसांना स्वतः फोन करून सांगितलं की परत या, पैसे पडणार नाहीत, आणि रिपोर्ट फक्त तुमच्या हातात मिळेल. मंडळी आली. आता पाठ करायला काही नव्हतं आणि घाबरायलाही काही नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी आपल्याला काय दिसत नाही ते अगदी मोकळेपणाने सांगितलं. पेठेची नजर एका आठवड्यात इतकी घसरली की शर्मिलाकडच्या फ्रेम संपायला आल्या. गॉगलचा विषय तिने पुन्हा काढला नाही, उलट आतल्या खोलीत पूर्णिमाला चहा नेऊन द्यायला लागली.

अभयचा फोन आला. "मॅडम, बाबांचा नवा रिपोर्ट आला नाही मला. पेमेंट मी केलं होतं ना? मागच्या वेळचं."

"त्याची पावती मिळाली ना?"

"हो, पावती आहे."

"मग आपला व्यवहार पूर्ण झाला," पूर्णिमा म्हणाली. "बाकीचं बाबांना विचारा."

अभयने विचारलं, आणि कदाचित प्रथमच विचारलं म्हणून, सरांनी सगळं सांगितलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला होता. ऑपरेशन होईपर्यंत किल्ली त्यांनी आपणहून अभयच्या हातात दिली आणि बदल्यात दर रविवारी तो त्यांना खडकवासल्याला नेईल असं कबूल करून घेतलं. कणसाचे पैसे अभयचे, असंही ठरलं.

दिवाळीच्या तोंडावर शेवडे परत आले. त्या दिवशी गानू सरही नवा चष्मा घ्यायला येऊन बसले होते. शेवड्यांनी पडदा पाहिला, नवी कार्डं पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि फॉर्म पुढे घेतला.

"एक राहिलं. तपासनीसाची स्वतःची तपासणी झालेली हवी. तुमचं कार्ड दाखवा."

पूर्णिमाने ते अभिमानाने उघडलं. दर वर्षी सहा बाय सहा, एका सरळ रेषेत.

"उत्तम. तपासलं कोणी?"

"मीच."

"कुठल्या तक्त्यावर?"

पूर्णिमाला मंद दिव्यांची बस आठवली, फाटकाचा खांब आठवला आणि शेवड्यांची मिशीही आठवली.

"बाई," गानू सर दाराशी येऊन फार मायेने म्हणाले, "आम्हाला पाठ करायला महिना लागला. तुम्हाला आधीपासूनच येत होतं."

ती आपल्याच पेशंटच्या खुर्चीत बसली. वीस वर्षांत त्या बाजूने ती खोली तिने नीट कधी पाहिलीच नव्हती. नव्या पडद्यावरच्या पहिल्या तीन ओळी तिने वाचल्या. चौथीशी ती थबकली, मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "त... नाहीतर न. न असेल."

"अंदाज करू नका," सर म्हणाले. "चुकीच्या उत्तराचे गुण कापतात."

बाहेर शर्मिलाने फ्रेमचं कपाट उघडल्याचा आवाज आला. जावेला कुठली फ्रेम शोभेल हे तिने बहुतेक आधीच ठरवून ठेवलं असावं.

तपासणीचे पैसे स्वतःच्या माणसालाही पडतात, हा नियम पूर्णिमाचाच होता. पण पैसे भरायचा चौकोन तिच्याच खात्याचा असल्यामुळे तिला स्वतःचे पैसे स्वतःला भरता येईनात. तिने काही म्हणायच्या आत शर्मिलाने वैजनाथला फोन लावला आणि पैसे आलेसुद्धा.

"वहिनी, भाऊजींच्या नंबरवरून आलेत," शर्मिला संगणकापुढे बसत म्हणाली. "भाऊजी विचारतायत, रिपोर्ट काय आला. पाठवून देऊ ना त्यांनाच? घरचेच तर आहेत."

पूर्णिमाचा हात आपोआप पर्सवर गेला. गाडीची किल्ली आतल्या कप्प्यात होती.

"पावती त्यांना," ती घाईघाईने म्हणाली. "रिपोर्ट पेशंटला. फक्त पेशंटला, शर्मिला. मी सांगेन त्यांना काय ते. मला वाटेल तेव्हा."

शेवड्यांनी फॉर्मवरचा शेवटचा रकाना शोधला. तिथे छापलं होतं, 'गोपनीयतेचं मानक तपासनीसाला समजलं आहे का?' त्यांनी 'होय, मनापासून' असं लिहिलं आणि खाली सही केली.